चार चुंबळी

रतनबाईला मी तीन वर्षं चुकीचं सांगत होतो, हे आधीच सांगून टाकतो. उगाच मागून कुणी सांगितलं म्हणजे मला राग येतो, आणि रागावलो की मी स्वतःची बाजू मांडत बसतो. या गोष्टीत मला बाजू नाही.

वडवणीत माझा दवाखाना दूध सोसायटीच्या गाळ्यात आहे. पाटी सोसायटीची, आत मी. दुष्काळाच्या त्या वर्षांत सोसायटीकडे दूधच येत नव्हतं. जनावरं छावणीत होती, दूध थंड करायची टाकी कोरडी पडली होती आणि सोसायटीचा चेअरमन तात्याबा रोज सकाळी कुलूप उघडून पेपर वाचायचा आणि कुलूप लावून जायचा. त्यातल्या त्यात गाळ्यात काही चालू असेल तर तो माझा दवाखाना, आणि तोही दसऱ्यापर्यंतच. दसरा-दिवाळी झाली की निम्मा तालुका ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरच्या सहकारी कारखान्यांकडे निघून जातो. मागे उरतात म्हातारी माणसं, कुलपं आणि मी.

स्वभावानं मी तिरसट आहे. बायको होती तोवर माझ्या वाटणीचं गोड ती बोलायची. ती गेल्यावर ते काम कुणी अंगावर घेतलं नाही. मुलगा पुण्यात असतो आणि फोनवर मला विचारतो, 'जेवलात का?' मी हो म्हणतो.

दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस मात्र मला पाणी प्यायला फुरसत नसते. जाणारी सगळी जोडपी 'सीझनच्या गोळ्या' न्यायला येतात. सहा महिने पुरतील एवढ्या अंगदुखीच्या, तापाच्या, हगवणीच्या पुड्या. जोडपी म्हणतो, कारण कारखान्याच्या हिशेबी माणूस एकेकटा नसतोच. नवरा ऊस तोडतो. बायको मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि उभ्या फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकते. त्या दोघांना मिळून म्हणतात एक कोयता. दोघांतलं एक कमी पडलं की मुकादम त्या घरासमोर उभाही राहत नाही.

बंकट आणि रतनबाई असाच एक कोयता. वडवणीपासून चार कोसांवरच्या वस्तीवरचे. तो उंच, कमी बोलणारा. ती बुटकी आणि तोंडाची तिखट. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बाकीच्या बाया मूल गावी सासूपाशी ठेवून जाताना रडायच्या. हिला मागे ठेवायला कुणीच नव्हतं, आणि ती ते हसून सांगायची. 'आमचं बिऱ्हाड हलकं हाय डॉक्टर, ह्यांना धरलं की झालं.'

२०१२ साली, दसऱ्याच्या आधी, गोळ्यांची पिशवी बांधून झाल्यावर तिनं पदर मागे सारला आणि डोकं पुढे केलं. 'हितं काय आलंय बघा बरं. मोळी घेतली की टोचतंय.'

टाळूच्या उजव्या बाजूला, केसांखाली, सुपारीएवढा उंचवटा होता. मी बोट लावलं आणि हसलो. नांदूरघाटला माझ्या आईच्या, छबुबाईच्या डोक्यावर अस्साच होता. तीस वर्षं तिनं पाण्याच्या घागरी आणि कडब्याच्या पेंढ्या वाहिल्या. लहानपणी तिच्या डोक्याला तेल लावताना तो माझ्या बोटांना लागायचा. ओझं वाहणाऱ्या बाईच्या डोक्याला घट्टा पडतो, यात मला पुस्तक उघडायची गरज वाटली नाही.

'घट्टा हाय,' मी म्हणालो. 'ओझ्याचा. माझ्या आईला व्हता.'

'मग काय करायची तुमची आई?'

'चुंबळीला भोक ठेवायची.'

ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची ती कापडाची कडी म्हणजे चुंबळ. तिच्या मधला भाग नेमका घट्ट्याएवढा मोकळा ठेवला की भार कडेवर येतो आणि घट्टा दुखत नाही. मी तिला टेबलावरच्या कापसाच्या पट्टीची कडी करून दाखवली. ती म्हणाली, डॉक्टर, तुमाला तर ऊस तोडायला न्यायला पायजे. बंकट दारात उभा राहून हसला. मला तो दिवस चांगला गेल्याचं आठवतं.

पुढच्या दसऱ्याला मी विचारलं, काय म्हणतोय घट्टा? ती म्हणाली, हाय तिथंच हाय, चुंबळीनं लई आराम पडला. त्याच्या पुढच्या दसऱ्यालाही तेच. मी डोक्याला हात लावला नाही. रांग बाहेर सोसायटीच्या ओट्यापर्यंत गेलेली होती. बाहेरून बदलून आलेला एखादा पोरगेला डॉक्टर असता, तर त्याला बाईच्या डोक्यावर घट्टा पडतो हेच माहीत नसतं. त्यानं घाबरून एक्स-रेचा फोटो काढायला पाठवलं असतं. मी इथला होतो. मला माहीत होतं, म्हणून चुकलो.

२०१५ साली ती दसऱ्याची वाट न बघता भादव्यातच आली. बंकट बरोबर होता आणि या वेळी तो आधी बोलला.

'साहेब, हिचा डावा हात दगा देतोय. टँकरवर घागर भरली की हातातनं सुटती.'

'मुंग्या येतेत,' ती म्हणाली. 'बोटं झोपल्यावानी व्हतेत.'

मी तिला खाली बसवलं आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा तिच्या डोक्यावर नीट हात ठेवला. आता सुपारी नव्हती, लिंबू होतं. घट्टा कातडीचा असतो, कातडी सरकवली की बरोबर सरकतो. हिची कातडी सरकत होती आणि खालचा उंचवटा जागचा हलत नव्हता. ते हाड होतं. कवटीच वर आली होती, आणि वर आली तशी आतही गेली असणार. उजवीकडचा मेंदू दाबला गेला तर डावा हात लुळा पडतो, हे तर मी परीक्षेत लिहून पास झालेला माणूस. रतनबाई खाली बसून माझ्याकडे वर बघत होती आणि मी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

बीडला काढलेला फोटो मी उजेडावर धरला. हाडात एक गोल डाग, आणि त्याच्या मधून कडेला गेलेल्या रेषा, गाडीच्या चाकाला आरे असतात तशा. असा फोटो मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. औरंगाबादला माझा एक वर्गमित्र आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, लगेच घेऊन ये, मेंदूच्या सर्जनला दाखवू. मी दवाखान्याला कुलूप लावलं आणि त्यांच्याबरोबर एसटीत बसलो. डॉक्टर स्वतः का येतोय, हे बंकटला कळेना. वाटेत त्यानं मला दोनदा चहा पाजला.

सर्जन वयानं माझ्या मुलाएवढा होता. त्यानं सीटी स्कॅन पाहिला आणि मला बाजूला घेतलं. कवटीच्या हाडातल्या अशा गाठी फार क्वचित दिसतात, तो म्हणाला. यात दोन शक्यता आहेत. एक, हाडातल्या रक्तवाहिन्यांची गाठ; ती साधी, कापली की संपली. दुसरी, हाडाचा कॅन्सर. फोटोत दोन्हीकडे रेषा अशाच दिसू शकतात. सुई घालून तुकडा काढायचा, तर रक्तवाहिन्यांची गाठ असेल तर रक्त थांबता थांबत नाही. 'मला फक्त एक कळायला हवं, सर,' तो म्हणाला. 'ही किती वेगानं वाढली? तुम्ही पहिल्यांदा पाहिली तेव्हाची काही नोंद आहे?'

नोंद होती. तीन वर्षं, तीन कागद, तिन्हींवर माझ्या अक्षरात एकच शब्द, घट्टा. तेवढ्यासाठी मी ते कागद पिशवीतून काढले नाहीत. नोंद नाही म्हणालो. आयुष्यात मी पुष्कळांवर ओरडलोय, पण त्या दिवशी माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

त्यानं रतनबाईला विचारलं. ती म्हणाली, हळूहळू वाढलं. किती हळू? तिला सांगता येईना. मग तीच म्हणाली, 'चुंबळी हायेत की घरी.'

सर्जनला चुंबळ माहीत नव्हती. तिनं समजावून सांगितलं. दर सीझनला ती नवी चुंबळ करायची, घट्ट्याच्या मापाचं भोक ठेवून. सीझन संपला की जुनी चुंबळ घरात बुडाला गोल असलेल्या घागरीखाली बसवायची, म्हणजे घागर कलंडत नाही. अशा तीन होत्या, आणि चौथी यंदा टँकरच्या घागरीसाठी केलेली.

'हे भोक ठेवायचं तुम्हाला कुणी सांगितलं?' सर्जननं सहज विचारलं.

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागलो. 'आमच्याकडं समद्या बाया ठिवतेत,' ती म्हणाली.

तिला भीती होती ती वेगळीच. सर्जन बाहेर गेल्यावर तिनं मला विचारलं, 'दिवाळीपस्तोर मोकळी हुईन का? मुकादमाची गाडी दिवाळीच्या पाडव्याला हाय.' मी म्हणालो, आधी जीव वाचू दे. ती म्हणाली, 'जिवाचं इचारलंच न्हाई मी.'

दुसऱ्या दिवशी बंकट गावी जाऊन चार चुंबळी घेऊन आला. जुन्या लुगड्यांच्या, घागरीचा गोल डाग पडलेल्या. सर्जननं त्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि पट्टी घेऊन भोकं मोजली. पहिलीपासून तिसरीपर्यंत दर साली जेमतेम बोटाच्या नखाएवढा फरक. चौथी तेवढी जरा मोठी. कॅन्सर असा तीन-तीन वर्षं दम धरत नाही, तो म्हणाला. सुई घालायची नाही; गाठ आणि तिच्या कडेचं चांगलं हाड एकदमच गोल कापून काढायचं आणि जागा जाळीनं बंद करायची. मग त्यानं चुंबळींचा मोबाईलवर फोटो काढला. असली केस मी कुठं वाचली नाही, तो मला आनंदानं म्हणाला. मला त्याचा आनंद सोसवेना म्हणून मी खाली जाऊन व्हरांड्यात बसलो.

ऑपरेशन पाच तास चाललं. छोट्या बशीएवढं हाड काढलं, टायटॅनियमची जाळी बसवली. आठवड्याभरानं तपासणीचा कागद आला: रक्तवाहिन्यांची गाठ, कॅन्सर नाही, कडा स्वच्छ. माझा जीव भांड्यात पडला. पंधरा दिवसांत तिच्या डाव्या हातात ग्लास धरवायला लागला. घरी सोडताना सर्जननं सगळं सांगितलं, टाके, गोळ्या, सहा महिन्यांनी स्कॅन. शेवटी म्हणाला, 'आणि बाई, आता डोक्यावर ओझं घ्यायचं नाही.'

'किती दिस?'

'कायमचं.'

बंकटनं माझ्याकडे पाहिलं. 'मग कोयता कसा व्हायचा, साहेब?'

मी त्याच्यावर भडकलो. बायको जगली, आणि तुला कोयत्याचं पडलंय, वगैरे. तो निमूट ऐकत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला आज कळतं की तो ते मला विचारत होता कारण विचारायला दुसरं कुणी नव्हतं. वस्तीवर विहिरीला पाणी नाही, रानात काम नाही, आणि एकट्या पुरुषाला मुकादम नेत नाही. त्यानं दोन मुकादमांना विचारून पाहिलं. शेवटी मार्ग रतनबाईनंच काढला. बंकटचा थोरला भाऊ वारला होता. त्याची बायको दगडाबाई वस्तीवरच होती, अंगानं धडधाकट. 'तिला घिऊन जावा,' रतनबाई म्हणाली. पाडव्याला गाडी आली तेव्हा डोक्याला फडकं बांधून तिनं दोघांच्या भाकरी बांधून दिल्या. हे मला तिनंच नंतर सांगितलं.

त्यानंतर ती दर बाजाराच्या दिवशी यायला लागली. आधी जखम दाखवायला, मग गोळ्यांना, मग नुसतीच. येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची. पेशंट नसायचेच. मी पेपर वाचायचो, ती बोलायची. वस्तीवर नऊ घरं, त्यातल्या सात घरांना कुलपं. टँकर आला की मागे राहिलेल्या म्हाताऱ्या डोक्यावर घागर घेऊन ओळीनं जायच्या, आणि ही बत्तीस वर्षांची बाई हातात अर्धी बादली घेऊन त्यांच्या मागे एकटी. 'आधी म्हाताऱ्या मला म्हनायच्या, पोरी, माझी बी घागर घे. आता म्हनतेत, तू बस.' तिला बस म्हटलेलं आवडत नसे. मी तिला चहा द्यायचो. तिच्याशी बोललो की मला दिवसभर बरं वाटायचं, हे खरं सांगतो. माझ्याही दारात त्या दिवसांत दुसरं कुणी बसत नव्हतं.

उन्हाळ्यात बंकट आला, सहा महिने राहिला. स्कॅन केला, स्वच्छ निघाला. २०१६ ला पाऊस मनासारखा झाला. विहिरी भरल्या, सोसायटीत दुधाची चार कॅन यायला लागली, तात्याबा पुन्हा चेअरमनसारखा दिसायला लागला. मला वाटलं, आता बंकट राहील. पण पाऊस पडला म्हणून लगेच घरी ऊस उभा राहत नाही. दिवाळीला तो पुन्हा गेला. दगडाबाईबरोबर गेला, कारण आता तो कोयता मुकादमाच्या यादीत जमलेला होता.

डिसेंबरातल्या एका बाजारी ती आली आणि नेहमीसारखी बोलली नाही. मी विचारलं, बंकटचा फोन येतो का?

'येतो की. चांगलं बोलतेत. डोकं दुखतं का इचारतेत, गोळ्या घेती का इचारतेत.' तिनं चहाचा कप खाली ठेवला. 'तुमी इचारता ना, तसंच.'

'आन् दगडाबाई?'

'ती बी चांगली हाय. वाईट असती तर बरं झालं असतं.'

मला आणखी पोटात ठेवणं जमेना. वर्षभर मी तो शब्द घेऊन हिंडत होतो, तिला चहा पाजत होतो आणि तिच्या तोंडून 'डॉक्टर' ऐकून घेत होतो. मी पेपर खाली ठेवला.

'रतनबाई, तुला एक सांगायचंय. तो घट्टा नव्हता. पहिल्या सालीच नव्हता. मी तेव्हाच फोटो काढायला पाठवायला पाहिजे होतं. लहान असताना निघाला असता, हातावर आला नसता. माझी चूक झाली.'

ती दचकली नाही. 'ठाव हाय मला,' ती म्हणाली.

'कवा कळलं?'

'तुमी माझ्या डोक्यावर हात ठिवला ना, त्याच दिशी. तुमी माझ्याकडं बघितलं न्हाई. त्याच्या आधी कवाच असं झालं न्हवतं.'

'मग सर्जनला कावून नाही सांगितलंस? मला तरी बोलायचं. शिव्या द्यायच्या होत्यास.'

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला माफ करते की नाही, एवढंच मला ऐकायचं होतं. त्यासाठीच मी एवढं धैर्य गोळा केलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं आणि स्वतःची लाज वाटली.

'शिव्या कशाच्या द्यायच्या?' ती म्हणाली. 'पयल्या साली तुमी बरुबर सांगितलं असतं, तर पयल्याच साली डोकं कापलं असतं. तवाच म्हनले असते, ओझं घिऊ नको. तुमी चुकले म्हनून तीन सीझन गावले मला. उसाच्या पाचटाच्या खोपीत, थंडीत. पहाटं दोघं उठायचो, मी मोळी उचलायचे तर ते मागून हात लावायचे. लई तरास व्हता. पर दोघं व्हतो.'

मी पेपरची घडी घालू लागलो.

'राग हाय माझा तुमच्यावर,' ती म्हणाली. 'खोटं कशाला बोलू. पर त्या तीन वर्सांचा न्हाई. चौथ्या साली तुमी बरुबर सांगितलं, त्याचा हाय.'

'मेली असतीस, रतन.'

'मेले असते,' ती म्हणाली. 'आता जगले. तुमी शिकलेले हायेत, मला एवढं सांगा. कुनासंगं?'

बाहेर तिच्या वस्तीकडची गाडी लागली होती. ती स्टूल भिंतीला सारून उठली आणि पिशवी घेऊन गेली.